केनियातील भारतीय स्थलांतरित आणि अप्पासाहेब पंत यांचा राजनय (१९४८-१९५४)

प्रस्तावना :

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत 'स्थलांतर' ही संकल्पना विद्यार्थ्यांना समजावून सांगावी लागत नाही. भाताची आणि नागलीची कापणी उरकून दिवाळी झाली की पाडे रिकामे होऊ लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण या बाजूच्या वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि होळीच्या सुमारास, कित्येकदा पावसाच्या तोंडावर परततात. निघण्यापूर्वी घेतलेली उचल फेडण्यातच हंगामाचा मोठा भाग सरतो. या परिसरातील महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातील भारत-आफ्रिका संबंधांचे प्रकरण शिकविले जाते, तेव्हा त्यात शिखर परिषदा, करार आणि व्यापाराचे आकडे येतात. मात्र उचल घेऊन घर सोडणारा माणूस येत नाही. वस्तुतः भारत आणि केनिया यांच्या संबंधांचा पाया अशाच माणसांनी घातला आहे, आणि त्या संबंधांना राजनयाचे रूप देण्याचे पहिले काम एका मराठी माणसाच्या हातून झाले आहे. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत हे १९४८ ते १९५४ या काळात नैरोबी येथे भारत सरकारचे आयुक्त होते. त्यांच्या कारकिर्दीचा, तिच्या पार्श्वभूमीसह, येथे विचार केला आहे.

पंतांचे काम सामान्यतः 'वसाहतवादविरोधी भारतीय धोरणाची अंमलबजावणी' या सदरात टाकले जाते. ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. ब्रिटिशांना विरोध करणे हा त्यांच्या कामाचा तुलनेने सोपा भाग होता. आपल्याच देशबांधवांनी, म्हणजे केनियातील भारतीय व्यापारी व नोकरदार वर्गाने, गोऱ्यांच्या खालोखाल मिळालेले आपले स्थान सोडून आफ्रिकी माणसाच्या बरोबरीने उभे राहावे, हे त्यांच्या गळी उतरविणे हा खरा अवघड भाग होता.

स्थलांतराची पार्श्वभूमी :

पश्चिम भारताचा किनारा व पूर्व आफ्रिकेचा किनारा यांच्यातील येणेजाणे मोसमी वाऱ्यांइतकेच जुने आहे. जव्हार-मोखाड्याच्या वरकस उतारांवर पिकणारी नागली ही मुळात पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातील. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि येथे इतकी रुजली की तिचे परकेपण कोणाच्या लक्षातही राहिले नाही. केनियात तिला स्वाहिली भाषेत 'विंबी' म्हणतात आणि तिच्या पिठाची पातळ पेज तेथेही आवडीने प्यायली जाते. माणसांच्या वाट्याला अशी सहज रुजवण क्वचितच येते.

एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या सुलतानाच्या राज्यात कच्छ-काठेवाडचे व्यापारी स्थिरावले होते. त्या काळी झांझिबारमधील ब्रिटिश वकिलातीच्या न्यायालयातील अपिले मुंबई उच्च न्यायालयाकडे येत. पुढे ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेचा अंतर्भाग ताब्यात घेतला, तेव्हा भारतीय दंडसंहिता तेथे लागू झाली आणि १९२० पर्यंत चलनही रुपयाचेच राहिले. थोडक्यात, राज्य इंग्रजांचे असले तरी त्याची चौकट मुंबई इलाख्याच्या नमुन्यावर बेतलेली होती. स्वाहिली भाषेत आजही दुकानाला 'डुका', गाडीला 'गारी', विम्याला 'बीमा' आणि लाखाला 'लाकी' म्हणतात. यांतील बहुतेक शब्द बाजारपेठेचे आहेत, शेताचे वा घराचे नाहीत, ही गोष्ट बोलकी आहे. भारतीय माणूस आफ्रिकी माणसाला कोठे भेटला, याचा पुरावाच या शब्दांत सापडतो.

मोठ्या प्रमाणावरील स्थलांतर मात्र रेल्वेमुळे झाले. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा सुमारे ९३० किलोमीटरचा 'युगांडा रेल्वे' हा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांची एकूण संख्या ३१,९८३ होती. त्यांपैकी २,४९३ जण मरण पावले, ६,४५४ जण आजारी वा अपंग होऊन परत पाठविले गेले, १६,३१२ जण करार संपवून मायदेशी परतले आणि ६,७२४ जण तेथेच राहिले. याचा अर्थ, गेलेल्या दर शंभरांतील सुमारे आठ जण मरण पावले आणि वीस जण आजारी वा अपंग होऊन परतले. त्सावो नदीवरील पुलाच्या कामाच्या वेळी मजुरांना खाणाऱ्या दोन सिंहांची कथा जगभर प्रसिद्ध झाली. परंतु सिंहांपेक्षा हिवताप, आव आणि जखमा यांनीच अधिक बळी घेतले. ते मात्र कथेचा विषय झाले नाहीत.

हे मजूर प्रामुख्याने पंजाबातील होते. रेल्वेच्या पाठोपाठ गुजरातमधील व्यापारी स्वखर्चाने आले आणि मार्गावरील प्रत्येक ठाण्यावर त्यांची दुकाने उभी राहिली. रेल्वेच्या आणि सरकारी कचेऱ्यांत कारकून, तसेच शिंपी आणि आचारी म्हणून गोमंतकीय आले. हे लोक कोकणी बोलणारे, धर्माने ख्रिस्ती आणि कागदोपत्री पोर्तुगालचे नागरिक. नैरोबीत कारकुनांचा क्लब वेगळा आणि शिंप्यांचा वेगळा होता. समुद्र ओलांडल्याने जात जाते, हा समज किती भाबडा आहे याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

मधल्या पायरीवरील समाज :

केनियाच्या वसाहतीची रचना तीन पायऱ्यांची होती. वर गोरे, मध्ये भारतीय आणि तळाशी आफ्रिकी. शाळा, रुग्णालये, वसाहती, वेतनश्रेणी हे सारे वंशानुसार विभागलेले होते. केनियाच्या मध्यभागातील थंड व सुपीक पठार, ज्याला 'व्हाइट हायलँड्स' असे नाव पडले, ते केवळ गोऱ्या शेतकऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आले. १९०२ आणि १९१५ च्या जमीनविषयक कायद्यांनी आफ्रिकी जमातींच्या जमिनी सरकारच्या मालकीच्या ठरविल्या. किकुयू शेतकरी आपल्याच पूर्वजांच्या भूमीवर गोऱ्या मालकाचा आश्रित बनला. राहायला झोपडी आणि पिकवायला तुकडा मिळावा म्हणून वर्षातील ठरावीक दिवस त्याला मालकाच्या शेतात राबावे लागे. शिवाय प्रत्येक प्रौढ आफ्रिकी पुरुषाला 'किपांडे' नावाचे ओळखपत्र जवळ बाळगण्याची सक्ती होती. ते धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवले जाई.

ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला हे वर्णन परके वाटणार नाही. येथेही वारली शेतकऱ्याची जमीन सावकार-जमीनदाराकडे गेली होती आणि त्याच जमिनीवर तो वेठ करीत होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने मालकाच्या घरी वर्षानुवर्षे राबण्याची 'लग्नगडी' पद्धत येथेच होती. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांनी १९४५ मध्ये वेठबिगारी नाकारली, तेव्हा केनियाच्या पठारावर किकुयूंमध्ये जमिनीच्या प्रश्नावर असंतोष धुमसत होता. या दोन घटनांचा एकमेकींशी कसलाही संबंध नव्हता. तरीही जमीन, कर्ज आणि सक्तीचे श्रम यांची मांडणी दोन्हीकडे एकाच धर्तीची होती, आणि दोन्हीकडे दुकानदार हा त्या मांडणीतील एक आवश्यक दुवा होता. केनियातील दुकानदार भारतीय होता, एवढाच फरक.

भारतीय माणसाची स्थिती दुहेरी होती. गोऱ्यांच्या दृष्टीने तो 'कुली' होता. पठारावर त्याला जमीन घेता येत नव्हती आणि विधिमंडळातही त्याला समान मताधिकार नव्हता. आफ्रिकी माणसाच्या दृष्टीने मात्र तो माल महाग विकणारा, धान्य स्वस्तात घेणारा आणि रेल्वेत, कचेरीत वरच्या जागेवर बसलेला मनुष्य होता. दोन्ही दृष्टी आपापल्या जागी खऱ्या होत्या. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या पूर्व आफ्रिका भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने प्रारंभी जो लढा दिला तो मुख्यतः गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क मिळविण्याचा होता. १९२३ च्या डेव्हनशायर श्वेतपत्रिकेने ही मागणी फेटाळली. त्यासाठी 'आफ्रिकी लोकांचे हित सर्वश्रेष्ठ' हे तत्त्व पुढे करण्यात आले आणि पठार गोऱ्यांकडेच ठेवण्यात आले. आफ्रिकी हिताचे नाव घेऊन भारतीयांना अडवायचे आणि भारतीयांकडे बोट दाखवून आफ्रिकी माणसाला शांत ठेवायचे, ही युक्ती ब्रिटिशांनी पुढे चाळीस वर्षे वापरली. १९२४ च्या जानेवारीत सरोजिनी नायडू यांनी मोंबासा येथील अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले, त्याला या पराभवाची पार्श्वभूमी होती.

अपवाद होते, आणि ते महत्त्वाचे आहेत. सुरतहून आलेले मणिलाल देसाई यांनी १९२१-२२ मध्ये किकुयू नेते हॅरी थुकू यांना आपली कचेरी व छापखाना वापरू दिला. गिरधारीलाल विद्यार्थी यांच्या छापखान्यातून आफ्रिकी भाषांतील नियतकालिकेही निघत. कामगार नेते माखनसिंग यांनी एप्रिल १९५० मध्ये नैरोबीच्या जाहीर सभेत पूर्व आफ्रिकेच्या संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली आणि पुढच्याच महिन्यात त्यांना अटक झाली. ते ऑक्टोबर १९६१ पर्यंत स्थानबद्ध होते. अशा व्यक्तींना त्यांच्याच समाजात किती पाठिंबा होता, हा प्रश्न विचारला की चित्र बदलते.

औंधहून नैरोबीकडे :

अप्पासाहेब पंत यांचा जन्म १९१२ चा. औंधचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे हे पुत्र. सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि चित्रकलेचे मर्मज्ञ म्हणून बाळासाहेब महाराष्ट्राला परिचित आहेत. अप्पासाहेबांचे उच्च शिक्षण ऑक्सफर्डला झाले व ते बॅरिस्टर होऊन परतले. औंध हे सातारा, सोलापूर, विजापूर या भागांत विखुरलेले ७२ गावांचे लहानसे संस्थान होते. १९३९ मध्ये राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. मूळ पोलंडचे असलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन, स्वतः अप्पासाहेब आणि सेवाग्राम येथे मार्गदर्शन करणारे महात्मा गांधी यांच्या विचारविनिमयातून ती तयार झाली होती. गावपंचायत हा तिचा पाया होता. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर, जेथे कैद्यांना भिंतीविना ठेवले गेले आणि ज्याच्यावरून व्ही. शांताराम यांना 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट सुचला, तेही याच संस्थानातले. १९४४ पासून अप्पासाहेब औंधचे पंतप्रधान होते.

जव्हारच्या वाचकाला येथे एक तुलना सुचणे स्वाभाविक आहे. जव्हार हेही संस्थान होते. मुकणे घराण्याने शतकानुशतके ते सांभाळले आणि औंधप्रमाणेच १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. दोन्हीकडे विलीनीकरणाने राजपद गेले. औंधचे राजघराणे मात्र त्यापूर्वी जवळजवळ दहा वर्षे सत्ता सोडण्याचा सराव करीत होते. हातातील अधिकार मागितला जाण्याआधी देऊन टाकावा, हा अनुभव घेऊन अप्पासाहेब ऑगस्ट १९४८ मध्ये नैरोबीत दाखल झाले. त्यांनी तेथील भारतीयांना जे सांगितले ते या अनुभवावाचून समजत नाही.

नैरोबीतील सहा वर्षे :

पंतांच्या कार्यक्षेत्रात केनिया, युगांडा, टांगानिका व झांझिबार हे प्रदेश होते. पुढे मध्य आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहती आणि बेल्जियन काँगो यांचाही त्यात समावेश झाला. पंडित नेहरूंचे धोरण स्पष्ट होते. आफ्रिकेतील भारतीयांनी स्वतःला तेथील पाहुणे समजावे, आफ्रिकी लोकांच्या हिताआड येणारा कोणताही विशेष हक्क मागू नये आणि भारत सरकार अशा हक्कासाठी त्यांची बाजू घेणार नाही, असे ते वारंवार सांगत. ज्या समाजाने चाळीस वर्षे दिल्लीकडे आपला कैवारी म्हणून पाहिले होते त्याला हे ऐकणे सुखावह नव्हते. आणि ते ऐकविण्याची जबाबदारी पंतांवर होती.

पंतांनी आयुक्तालयाचे दार आफ्रिकी लोकांसाठी खुले केले, ही आज साधी वाटणारी गोष्ट तेव्हाच्या नैरोबीत खळबळजनक होती. जोमो केन्याटा व केनिया आफ्रिकन युनियनचे इतर नेते त्यांच्याकडे मोकळेपणाने येत. पंत स्वतः किकुयू वस्त्यांत जात, तेथील वडीलधाऱ्यांशी बसून बोलत. भारतीय विद्यापीठांत शिकण्यासाठी आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारत सरकारच्या शिष्यवृत्त्या देण्याची योजना या काळात मार्गी लागली. वसाहतीत आफ्रिकी मुलांना उच्च शिक्षणाची वाट जवळजवळ बंद असताना मुंबई, दिल्ली व अलाहाबाद ही नावे त्यांच्यासाठी नव्या अर्थाची ठरली.

शिक्षणसंस्थेची हकिकत अधिक सविस्तर पाहण्यासारखी आहे. १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाल्यानंतर पूर्व आफ्रिकेतील भारतीयांनी त्यांचे स्मारक उभारण्याचे ठरविले व निधी जमविण्यास आरंभ केला. निधी देणारे बहुतेक व्यापारी होते. आपल्या समाजासाठी एक चांगले महाविद्यालय व्हावे, अशी त्यांच्यापैकी अनेकांची स्वाभाविक अपेक्षा असणार. पंतांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र ही संस्था सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांसाठी खुली असली पाहिजे असा आग्रह धरला आणि गांधी स्मारक अकादमीची योजना त्या स्वरूपात पुढे आली. त्याच सुमारास सरकारही नैरोबीत तंत्रशिक्षणाचे महाविद्यालय काढीत होते. अखेर दोन्ही योजना एकत्र झाल्या आणि १९५६ मध्ये 'रॉयल टेक्निकल कॉलेज' सुरू झाले. त्याच संस्थेचे १९७० मध्ये नैरोबी विद्यापीठ झाले. गांधीजींचे नाव तेथील ग्रंथालयाला आहे, विद्यापीठाला नाही. पण वंशभेदावर उभ्या असलेल्या वसाहतीत भारतीयांच्या पैशाने भारतीयांपुरती नसलेली संस्था उभी राहिली, हे पंतांच्या कामाचे सर्वांत टिकाऊ फळ मानावे लागेल. आदिवासी भागातील महाविद्यालयांत बाहेरून येऊन शिकविणाऱ्या अध्यापकवर्गाने या तपशिलाकडे थोडे थांबून पाहावे, असे त्याचे मोल आहे.

सारेच इतके सुरळीत नव्हते. १९४७ च्या फाळणीचे पडसाद केनियातील भारतीय समाजातही उमटले. हिंदू, शीख, मुसलमान व गोमंतकीय असे गट परस्परांपासून दूर गेले आणि मुसलमानांसाठी विधिमंडळात वेगळ्या जागांची व्यवस्था झाली. 'आशियाई' हे नाव तेथे रूढ झाले त्यामागे हेही एक कारण आहे, कारण सर्वांना 'भारतीय' म्हणणे आता शक्य राहिले नव्हते. पंत कोणाचे प्रतिनिधी, हा प्रश्न त्यामुळे समाजाच्या आतूनही विचारला जाऊ लागला. आफ्रिकी नेत्यांशी त्यांची जवळीक अनेक व्यापाऱ्यांना धोक्याची वाटे. सरकारची मर्जी गेली तर परवाने जातील, ही भीती काल्पनिक म्हणता येत नाही.

२० ऑक्टोबर १९५२ रोजी केनियात आणीबाणी जाहीर झाली. माऊ माऊ या नावाने ओळखल्या गेलेल्या किकुयू उठावाचा बीमोड करण्यासाठी ब्रिटिशांनी सैन्य आणले. केन्याटांना अटक होऊन दूरच्या कापेनगुरिया गावी खटला भरण्यात आला. इंग्रज वकील डी. एन. प्रिट यांनी बचावाचे नेतृत्व केले. भारतातून खासदार दिवाण चमनलाल पाठविले गेले; अछरू कपिला, जसवंतसिंग आणि मूळचे गोमंतकीय असलेले तरुण फिट्झ डिसूझा हे केनियातील वकील त्यांच्या सोबतीला होते. भारत सरकारने उघडपणे आरोपीच्या बाजूने उभे राहावे आणि तेही राष्ट्रकुलातील दुसऱ्या सरकारच्या न्यायालयात, ही राजनयाच्या रूढ संकेतांत न बसणारी गोष्ट होती. एप्रिल १९५३ मध्ये केन्याटांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. आणीबाणीच्या वर्षांत १,०९० आफ्रिकी माणसांना फाशी देण्यात आले. उठावात मारल्या गेलेल्या गोऱ्या नागरिकांची संख्या ३२ होती. उठावकऱ्यांच्या हिंसेचे समर्थन भारताने केले नाही आणि गांधीविचारांच्या पंतांना ते शक्यही नव्हते. परंतु ती हिंसा कोठून जन्मली याचे उत्तर ते जमिनीच्या प्रश्नात शोधीत. गोऱ्या वसाहतवाल्यांना व गव्हर्नरच्या सरकारला हे सहन होणे अवघड होते. पंत आफ्रिकी चळवळीला चिथावणी देतात अशा तक्रारी लंडनमार्गे दिल्लीला जात राहिल्या. १९५४ मध्ये पंतांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली, हा योगायोग मानायचा की दिल्लीचे उत्तर, हे ज्याने त्याने ठरवावे.

पंतांनंतर :

पुढे पंतांनी सिक्कीम व भूतान, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त अशा अनेक ठिकाणी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्यांच्या नैरोबीतील उपदेशाचे काय झाले, हे मात्र केनियाच्या स्वातंत्र्यानंतर दिसून आले. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला तेव्हा तेथील आशियाई लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. १९६२ च्या जनगणनेत ती १,७६,६१३ नोंदली गेली होती. नव्या सरकारने नागरिकत्वासाठी अर्ज करण्यास दोन वर्षांची मुदत दिली. अर्ज करणारे थोडे होते. बहुतेकांनी ब्रिटिश पारपत्र हाती ठेवणे पसंत केले. मधल्या पायरीवर आयुष्य घालविलेल्या समाजाने वरच्या पायरीचा कठडा घट्ट धरून ठेवावा यात आश्चर्य नाही. पण पंतांनी जे टाळावे म्हणून सहा वर्षे खर्च केली ते नेमके हेच होते.

१९६७ मध्ये केनियाने परकीय नागरिकांच्या वास्तव्यावर व व्यापारावर निर्बंध घालणारे कायदे केले. हजारो कुटुंबे लंडनच्या विमानांत बसू लागली. तेव्हा ब्रिटिश संसदेने अवघ्या काही दिवसांत नवा स्थलांतर कायदा करून १ मार्च १९६८ पासून आपल्याच पारपत्रधारकांना दार बंद केले. या लोकांची जबाबदारी ब्रिटनची आहे, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. कायद्याच्या दृष्टीने ती बरोबर होती. विमानतळावर अडकलेल्या माणसाला तिचा उपयोग नव्हता. १९६९ ते १९७२ या काळात लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त म्हणून अप्पासाहेब पंतच होते. वीस वर्षांपूर्वी ज्यांना त्यांनी 'आफ्रिकेचे व्हा' असा सल्ला दिला होता, त्याच समाजातील माणसे आता ब्रिटनमध्ये जागा शोधीत होती. त्यांचा १९७२ चा निरोप आणि युगांडातून इदी अमीनने केलेली आशियाईंची हकालपट्टी एकाच वर्षातील.

म्हणून पंतांचा राजनय फसला असे म्हणावे काय? समाज म्हणून भारतीयांनी त्यांचे ऐकले नाही, हे मान्य करावे लागते. कोणत्याही राजदूताच्या शब्दाने एका वर्गाचे आर्थिक हितसंबंध बदलत नाहीत. परंतु दुसरी बाजूही आहे. केन्याटांच्या केनियाने भारतीयांच्या बाबतीत अमीनचा मार्ग पत्करला नाही. निर्बंध घातले, परवाने नाकारले, पण सर्वांना हाकलले नाही. याला केनियाच्या अर्थव्यवस्थेची निकड कारणीभूत होती, यात संशय नाही. कापेनगुरियाच्या न्यायालयात कोण बाजूला उभे होते याची आठवणही त्या निर्णयामागे काही अंशी असावी, असे मानण्यास जागा आहे. जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातील ४४ वी जमात म्हणून मान्यता जाहीर केली. तिचा व्यवहारात फारसा परिणाम नसला, तरी ज्यांचे पूर्वज गळ्यात किपांडे अडकवून हिंडत त्यांच्या देशाने दुकानदारांच्या वंशजांना 'आपली एक जमात' म्हणावे, ही गोष्ट लहान नाही.

पंतांच्या काळात ज्या थोड्यांनी ही वाट धरली त्यांत दोघांची नावे गोव्याशी जोडलेली आहेत. पियो गामा पिंटो यांचा जन्म १९२७ मध्ये नैरोबीत झाला. शिक्षण गोवा व धारवाड येथे झाले, काही काळ त्यांनी मुंबईत नोकरी केली आणि गोवामुक्तीच्या चळवळीत भाग घेऊन १९४९ मध्ये ते केनियात परतले. १९५४ च्या जूनमध्ये त्यांना अटक झाली व पुढील काही वर्षे त्यांनी स्थानबद्धतेत काढली. स्वातंत्र्यानंतर ते खासदार झाले आणि जमीन भूमिहीनांना मिळावी हा आग्रह त्यांनी नव्या राज्यकर्त्यांपुढेही सोडला नाही. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोमंतकीय व आई मसाई जमातीची. त्यांचे शालेय शिक्षण दक्षिण भारतात झाले. आणीबाणीच्या काळात ते मुंबईमार्गे लंडनला गेले आणि तेथून केनियाच्या स्वातंत्र्यासाठी झटले. १९६६ मध्ये ते देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले व त्याच वर्षी त्यांनी ते पद सोडले. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये पिंटोंच्या कबरीजवळच त्यांना, त्यांच्या इच्छेनुसार, दफन करण्यात आले.